खेळाडू कोणाच्या मालकीचा?

फुटबॉलचा मोसम संपत आला की वृत्तपत्राच्या क्रीडापानावर एक ठराविक प्रकारची बातमी दिसू लागते. अमुक खेळाडूने नव्या करारावर सही करण्यास नकार दिला, तमुक क्लबने त्याला सरावातून वगळले, दोन्ही पक्षांनी वकिलांचा सल्ला घेतला, वगैरे. बातमीत जे आकडे असतात ते आपल्या महिन्याच्या जमाखर्चात कोठेच बसत नाहीत. साहजिकच "एवढे मिळूनही यांचे भागत नाही!" असे म्हणून आपण पान उलटतो. उलटपक्षी, आवडत्या खेळाडूच्या भक्तांना क्लबचे चालक म्हणजे पिळवणूक करणारे सावकार वाटतात. हे दोन्ही ग्रह सोयीचे आहेत, पण त्यांमुळे मूळ प्रश्न नजरेआड होतो. हे तंटे वरवर पैशाचे दिसले तरी त्यांच्या बुडाशी एक जुना आणि साधा प्रश्न आहे. कराराची मुदत संपली की माणूस मोकळा होतो की नाही? गेल्या पाऊणशे वर्षांत काही खेळाडूंनी आपली कारकीर्द पणाला लावून या प्रश्नाचे उत्तर मागितले. त्यांची हकीकत सांगण्याचा प्रस्तुत लेखात माझा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या बाबतीत कागद दोन असतात. एक म्हणजे क्लबशी झालेला करार. त्यात मुदत, पगार, बोनस इत्यादी गोष्टी लिहिलेल्या असतात. दुसरा कागद म्हणजे संघटनेच्या दप्तरातील नोंदणी. अमुक खेळाडू अमुक क्लबचा, अशी ती नोंद. ज्याच्या नावे नोंदणी त्याच्याच वतीने खेळाडूला मैदानात उतरता येते. हे दोन कागद एकाच वेळी संपले असते तर बहुधा हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. इंग्लंडमध्ये मात्र १८९० च्या दशकापासून अशी पद्धत रूढ झाली की करार संपला तरी नोंदणी क्लबच्याच मुठीत राहावी. मोसमाच्या अखेरीस क्लब दोन याद्या करी. एक राखून ठेवलेल्या खेळाडूंची, दुसरी बदलीसाठी काढलेल्यांची. पहिल्या यादीत ज्याचे नाव गेले त्याला दुसरीकडे जाता येत नसे. दुसऱ्या यादीतल्याने जावयाचे तर क्लब मागेल ती रक्कम नव्या क्लबाने मोजली पाहिजे.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. समजा, एका प्राध्यापकांची एका महाविद्यालयातील एक वर्षाची नेमणूक संपली. पुढच्या वर्षासाठी देऊ केलेला पगार त्यांना मान्य नाही. अशा वेळी महाविद्यालयाने सांगितले, "सही करणार नसाल तर पगार मिळणार नाही. पण दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयात आम्ही तुम्हाला शिकवू देणार नाही." हे ऐकून आपण हसू. इंग्लंडमधील हजारो फुटबॉलपटू मात्र सुमारे ७० वर्षे याच नियमाखाली खेळत होते. शिवाय १९०१ पासून पगारालाही कमाल मर्यादा होती. आरंभी ती आठवड्याला ४ पौंड होती. १९५८ साली ती २० पौंड झाली आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्याहून कमी. म्हणजे एकीकडे बाहेर जाण्याचे दार बंद आणि दुसरीकडे आतल्या घराचे छत ठेंगणे, अशी ती व्यवस्था होती.

ही व्यवस्था नामवंत खेळाडूला कशी नमवीत असे, याचे उदाहरण म्हणून विल्फ मॅनियनकडे पाहावे. मिडल्सब्रो क्लबचा हा खेळाडू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील इंग्लंडच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूंपैकी एक होता. १९४७ साली ग्रेट ब्रिटन विरुद्ध शेष युरोप असा जो गाजलेला सामना झाला त्यात तो खेळला होता. १९४८ मध्ये त्याला क्लब सोडून ओल्डहॅमला जावयाचे होते. मिडल्सब्रोने त्याच्यावर २५,००० पौंडांची किंमत लावली. ओल्डहॅमसारख्या लहान क्लबाला ती झेपणे शक्यच नव्हते. मॅनियनने सही केली नाही आणि काही महिने तो फुटबॉलपासून दूर राहून पोटापाण्याची नोकरी करू लागला. ही नोकरी होती कोंबड्यांची खुराडी विकण्याची! इंग्लंडकडून खेळलेल्या माणसाने दारोदार खुराडी विकावीत आणि तो खेळत नाही म्हणून क्लबाचेही नुकसान व्हावे, असा तो हट्ट होता. अखेर १९४९ च्या आरंभी मॅनियन निमूटपणे मिडल्सब्रोला परतला. त्याच्यापाशी गुणवत्ता होती, लोकप्रियता होती, पण पाठीशी कायदा नव्हता आणि संघटनाही पुरेशी खंबीर नव्हती.

बारा वर्षांनी जॉर्ज ईस्टहॅमने तीच वाट धरली. मात्र तो शेवटपर्यंत चालला. ईस्टहॅम न्यूकॅसल युनायटेडचा हुशार आघाडीचा खेळाडू होता. त्याच्या तक्रारी तशा घरगुती होत्या. क्लबाने राहावयास दिलेले घर चांगले नव्हते, जोडीला मिळालेली नोकरी समाधानकारक नव्हती आणि इंग्लंडच्या तरुण संघाच्या दौऱ्यावर जाण्याबाबतही मतभेद झाले होते. जून १९६० मध्ये त्याचा करार संपला तेव्हा त्याने नव्या करारावर सही केली नाही. क्लबाने त्याला राखून ठेवले, अर्थात पगाराशिवाय. ईस्टहॅम सरे परगण्यात गेला आणि एका स्नेह्याच्या व्यवसायात बुचाचा माल विकू लागला. काही महिन्यांनी न्यूकॅसलचा हट्ट ओसरला आणि १९६० च्या अखेरीस त्यांनी त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलला दिले.

येथे प्रकरण मिटावयास हवे होते. ईस्टहॅमला हवा तो क्लब मिळाला होता, न्यूकॅसलला घसघशीत रक्कम मिळाली होती. परंतु व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने त्याला खटला चालू ठेवण्याची विनंती केली व खर्चाचा भार उचलला. ही संघटना त्या दिवसांत जोरात होती. जिमी हिल तिचा अध्यक्ष आणि क्लिफ लॉइड चिटणीस. पगाराची कमाल मर्यादा उठवली नाही तर संप करू, असा इशारा देऊन जानेवारी १९६१ मध्ये तिने ती मर्यादा रद्द करवून घेतली होती. त्यानंतर लवकरच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवणारा इंग्लंडमधील पहिला खेळाडू ठरला. पगाराचे छत असे उंचावले. बाहेरचे दार मात्र बंदच होते. ते उघडावयाचे तर न्यायालयाकडून निवाडा हवा होता. नाव व किंमत असलेला ईस्टहॅमसारखा खेळाडू वादी म्हणून पुढे आला नसता तर हा प्रश्न न्यायालयात आणखी किती वर्षांनी गेला असता कोण जाणे.

४ जुलै १९६३ रोजी न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला. करार संपल्यावरही खेळाडूला राखून ठेवण्याचा नियम म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावर घातलेले अवाजवी बंधन होय, असे त्यांनी ठरवले. सर्व मालक एकजुटीने उभे राहून हा नियम चालवतात आणि एकट्या खेळाडूला त्यापुढे काहीच करता येत नाही, या गोष्टीची त्यांनी दखल घेतली. मात्र ईस्टहॅमची थकलेल्या रकमेची मागणी फेटाळण्यात आली. म्हणजे पैशाच्या बाबतीत तो हरला आणि तत्त्वाच्या बाबतीत जिंकला. पुढे नियम बदलले. खेळाडूला ठेवून घ्यावयाचे असेल तर निदान पूर्वीइतक्या अटी तरी देऊ करणे क्लबावर बंधनकारक झाले, आणि वाद मिटवण्यासाठी स्वतंत्र लवाद आला. १९६६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या चमूत ईस्टहॅम होता, पण त्याला एकाही सामन्यात खेळण्याची संधी मिळाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे निधन झाले. आजच्या लक्षाधीश खेळाडूंपैकी कितीजणांना त्याचे नाव ठाऊक असेल, याची मला शंकाच वाटते.

या निकालाचे तत्त्व आपल्याला परके नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम असे सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा वा व्यापार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. कलमाला अपवाद आहेत, न्यायालयांनी केलेले अर्थही आहेत. पण मुळातला विचार तोच आहे. माणूस आपले श्रम मुदतीपुरते दुसऱ्याच्या हाती देतो. श्रमांबरोबर स्वतःला देत नाही.

ईस्टहॅमच्या निकालाने अर्धेच काम झाले होते. राखून ठेवण्याची पद्धत सैल झाली, तरी करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबाने जुन्या क्लबाला पैसे मोजण्याची प्रथा कायम राहिली. इंग्लंडमध्ये १९७८ साली खेळाडूला करार संपल्यावर क्लब निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. रक्कम मात्र द्यावीच लागे. इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच चाले. ब्राझीलमध्ये या हक्काला 'पासे' म्हणत. तेथील आफोन्सिन्यो या खेळाडूचे बोताफोगो क्लबाशी बिनसले ते चक्क दाढी आणि लांब केसांवरून! वैद्यकाचे शिक्षण घेणारा हा तरुण लढला आणि १९७१ साली त्याने स्वतःचा 'पासे' स्वतःच्या हाती मिळवला. सर्व खेळाडूंसाठी ही पद्धत मोडण्यास तेथे १९९८ साल उजाडावे लागले. त्या कायद्याला नाव मिळाले पेलेचे, कारण तो त्या वेळी क्रीडामंत्री होता.

युरोपात उरलेले अर्धे काम ज्याने केले तो कोणी तारा नव्हता. झाँ-मार्क बोस्मान हा बेल्जियममधील लिएज क्लबचा मधल्या फळीतील खेळाडू. जून १९९० मध्ये त्याचा करार संपत होता. तोवर त्याला बोनस धरून महिन्याला सरासरी १,२०,००० बेल्जियन फ्रँक मिळत. क्लबाने नवा करार पुढे केला तो ३०,००० फ्रँकांचा, म्हणजे नियमानुसार देता येईल तेवढ्या किमान रकमेचा. पगार चौथाई झाला. बोस्मानने नकार देताच त्याला बदलीच्या यादीत टाकण्यात आले आणि त्याची किंमत ठरली १,१७,४३,००० फ्रँक! वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पगार ठरवताना जो माणूस पूर्वीच्या चौथाईच्या लायकीचा, तोच विकताना सव्वा कोटीच्या घरात जातो. फ्रान्समधील डंकर्क हा दुसऱ्या श्रेणीतील क्लब त्याला घेण्यास तयार होता. एका वर्षासाठी १२ लाख फ्रँकांवर बोलणीही झाली. पण डंकर्क पैसे देऊ शकेल की नाही अशी शंका येऊन लिएजने आवश्यक प्रमाणपत्राची मागणीच केली नाही आणि व्यवहार बारगळला. बोस्मानला ना इकडे खेळता येई, ना तिकडे.

तो न्यायालयात गेला तेव्हा २५ वर्षांचा होता. खटला बेल्जियममधून लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयात पोहोचला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला तेव्हा त्याने एकतिशी गाठली होती. फुटबॉलपटूच्या आयुष्यात ही पाच वर्षे म्हणजेच सारे आयुष्य. निकाल मात्र ऐतिहासिक ठरला. युरोपीय संघातील नागरिक असलेल्या खेळाडूचा करार संपला की दुसऱ्या सदस्य देशातील क्लबात जाण्यासाठी कोणतीही रक्कम मागता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय संघात इतर सदस्य देशांचे किती खेळाडू असावेत यावरील मर्यादाही त्याने बेकायदा ठरवली. या निकालाच्या बळावर पुढे अनेकजण कोट्यधीश झाले. बोस्मानला पुढे हलाखीचे दिवस काढावे लागले आणि दारूच्या व्यसनाशी झगडावे लागले, हे त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे.

येथवर वाचून सारा न्याय खेळाडूंच्याच बाजूचा, असे कोणास वाटले तर ते एकांगी होईल. व्यवस्थापनाचीही बाजू आहे आणि ती पोकळ नाही. हॉलंडमधील अयाक्स क्लबाचे उदाहरण घ्या. आपल्याच प्रशाळेत मुलांना घडवणारा हा क्लब १९९५ साली युरोपचा विजेता झाला. बोस्मानच्या निकालानंतर दोन वर्षांच्या आत डेव्हिड्स, रायझिगर आणि क्लायव्हर्ट हे त्याचे तरुण खेळाडू करार संपताच इटलीतील मिलान क्लबाकडे निघून गेले, आणि अयाक्सच्या हाती एक छदामही पडला नाही. पेरणी एकाने करावी आणि सुगी दुसऱ्याने न्यावी, असे झाले तर पेरणार कोण? लहान क्लबांचा तर हा जगण्याचाच प्रश्न. म्हणूनच फिफाने २००१ पासून नवे नियम आणले. २३ वर्षांपर्यंतच्या खेळाडूसाठी त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाचा मोबदला मिळू लागला, आणि करार चालू असताना खेळाडू विकला गेल्यास रकमेचा ५ टक्के वाटा त्याला वाढवणाऱ्या क्लबांत वाटण्याची सोय झाली. मला ही तोड वाजवी वाटते. शिकवणाऱ्याचे श्रम मान्य झाले आणि त्यासाठी विद्यार्थ्याला वेठीस धरावे लागले नाही.

आता अगदी अलीकडच्या तंट्यांकडे वळू. बोस्माननंतर तराजू ताऱ्यांकडे झुकला. करार संपावयास सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलणी करू शकतो. त्यामुळे आता भांडण करार संपल्यानंतरचे न राहता, करार संपू द्यावयाचा की नाही याचे झाले आहे. क्लबाला वाटते, खेळाडूने वेळीच मुदतवाढ घ्यावी किंवा विकले जाण्यास तयार व्हावे. खेळाडूला वाटते, मुदत शांतपणे संपवावी आणि मोकळे व्हावे. किलियन एम्बापे आणि पॅरिस सेंट-जर्मेन यांच्यात हेच घडले. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने एक वर्षाची वाढ घेणार नसल्याचे कळवताच क्लबाने त्याला जपानच्या दौऱ्यातून वगळले. २०२४ मध्ये तो रेआल माद्रिदला गेला आणि मागे ५ कोटी ५० लाख युरोंच्या थकबाकीचा दावा ठेवून गेला. बोनस सोडण्याचे त्याने तोंडी कबूल केले होते, असे क्लबाचे म्हणणे. तसे काही ठरले नव्हते, असे त्याचे. डिसेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या कामगार न्यायालयाने सुमारे ६ कोटी युरो त्याला द्यावेत असा निकाल दिला. कागदावर काय आहे, हा प्रश्न शेवटी कोट्यधीशालाही चुकत नाही.

लिओनेल मेस्सीच्या प्रकरणात तर सारे एका तारखेवर अडले. बार्सिलोनाशी झालेल्या करारात मोसमाच्या अखेरीस मोकळे होण्याचे कलम होते. त्याची सूचना १० जूनपूर्वी द्यावयाची होती, असे क्लबाने सांगितले. २०२० साली महामारीमुळे मोसमच ऑगस्टपर्यंत लांबला आणि मेस्सीने २५ ऑगस्टला सूचना धाडली. मोसमाची अखेर म्हणजे दिनदर्शिकेवरील तारीख की खरोखरीचा शेवटचा सामना? क्लब म्हणाला, मुदत टळली. जावयाचे तर ७० कोटी युरो ठेवा. मेस्सीने आपल्या क्लबाला न्यायालयात खेचण्यापेक्षा एक वर्ष थांबणे पत्करले. गंमत अशी की, २०२१ मध्ये त्याला राहावयाचे होते, तर स्पॅनिश लीगच्या खर्चविषयक नियमांमुळे क्लबालाच त्याच्याशी नवा करार करता आला नाही.

उरला प्रश्न करार मध्येच मोडल्याचा. येथे क्लबाची बाजू अधिक बळकट असते, कारण दिलेला शब्द मोडण्याची काहीतरी किंमत असलीच पाहिजे. पण ती किती? लसाना दियारा आणि लोकोमोटिव मॉस्को यांचे २०१४ मध्ये बिनसले. फिफाने दियाराला १ कोटी ५ लाख युरो भरण्यास सांगितले. नियम असा की, जो नवा क्लब त्याला घेईल तोही त्या रकमेस जबाबदार. साहजिकच बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घेण्यास कचरला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने यांतील काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. दंड माणसाला नमवण्याइतका मोठा असला की तो भरपाई राहत नाही, बेडी होते. सत्तर वर्षांच्या वळणानंतर आपण पुन्हा मॅनियनच्या दाराशी आलो, असे मला येथे वाटल्यावाचून राहिले नाही.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. मुंबईच्या फुटबॉलमध्ये टाटा, मफतलाल, ऑर्के, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ असत. तेथील खेळाडूला कराराच्या आकड्यापेक्षा नोकरीची शाश्वती मोलाची वाटे. कलकत्त्यात मात्र बदलीच्या दिवसांत प्रतिस्पर्ध्याच्या नजरेस पडू नये म्हणून खेळाडूंना लपवून ठेवल्याचे किस्से आजही चवीने सांगितले जातात. पुढे व्यावसायिक करार आले, तरी कराराला पक्ष दोन असतात हे विसरून चालत नाही. महिंद्रने २०१० मध्ये संघच बंद केला. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचेच भवितव्य अधांतरी झाले आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. युरोपात क्लब खेळाडूला सोडत नाही म्हणून तंटा होतो. आपल्याकडे क्लबच खेळाडूला सोडून जातो, ही चिंता अधिक मोठी आहे.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ताऱ्याचा तंटा हा एकट्या ताऱ्याचा नसतो. ईस्टहॅमने मिळवलेला निकाल चौथ्या श्रेणीत आठवड्याला काही पौंडांवर खेळणाऱ्या कोणा अनामिकाच्याही कामी आला. नियम बदलण्यास प्रसिद्धी लागते, वकील लागतात, उपाशी राहण्याची ताकद लागते, आणि ती सहसा मोठ्या खेळाडूपाशी किंवा संघटनेपाशीच असते. बोस्मानपाशी यातले फारसे काही नव्हते; म्हणूनच त्याला सर्वांत जबर किंमत द्यावी लागली. तेव्हा यापुढे एखादा खेळाडू करारावर सही करीत नाही असे वाचनात आले, तर आकड्याने दिपून वा चिडून जाण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. कराराची मुदत संपली आहे काय? न खेळवता त्याला अडवून ठेवले आहे काय? आणि ज्यांनी त्याला लहानपणी घडवले त्यांचा वाटा त्यांना मिळणार आहे काय? या तिन्हींची उत्तरे मिळाली की कोणाची बाजू न्याय्य हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही. तो किती लाख मिळवतो, हा प्रश्न त्यानंतरचा.